काहीच दिसलं नाही: चंद्रावर मुद्दाम आदळवलेल्या यानांची गोष्ट

३१ जुलै १९९९. भारतात दुपारचे ३ वाजून २२ मिनिटं झाली होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवरात, जिथे ऊन कधीच पोचत नाही अशा काळोखात, 'लूनर प्रॉस्पेक्टर' नावाचं यान सेकंदाला १.७ किलोमीटर वेगाने आदळलं. वजन साधारण १६० किलो. हा अपघात नव्हता. यान नेमकं तिथेच आणि नेमकं त्याच वेळी आदळावं म्हणून नासातल्या मंडळींनी बरीच आकडेमोड केली होती. हबल दुर्बीण, हवाईमधली केक, टेक्सासमधली मॅकडोनाल्ड वेधशाळा अशा अनेक दुर्बिणी चंद्राच्या त्या कडेवर रोखलेल्या होत्या. विवराच्या तळाशी बर्फ असेल तर आघाताच्या उष्णतेने त्याची वाफ होईल, ती वर उठेल, आणि आपल्याला दिसेल.

काहीच दिसलं नाही. धूळ नाही, वाफ नाही.

हा प्रसंग मला परवा आठवला तो पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरमुळे. तिने विचारलं, "दादा, प्रयोग करून काहीच सापडलं नाही तर पीएचडी होते का?" मी तिला तेव्हा जे उत्तर दिलं ते गुळमुळीत होतं. नीट उत्तर द्यायचं तर ही गोष्ट सांगावी लागते, आणि ती एका यानाची नाही, तीन-चार यानांची आहे.

आधी एक शंका दूर करू. एवढं महागाचं यान मुद्दाम आपटायचं, ही नासाडी नाही का? बहुतेक वेळा नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचं इंधन संपलं की ते आज ना उद्या चंद्रावर पडतंच, कारण चंद्राचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे एकसारखं नाही. खालच्या कक्षेतलं यान सतत सावरावं लागतं. म्हणजे यान पडणार हे ठरलेलंच असतं. कुठे पडणार, एवढंच आपल्या हातात असतं.

आणि 'कुठे' ठरवता आलं की पडणं हाच प्रयोग होतो. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं अपोलो मोहिमांत. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर भूकंपमापक ठेवला. ते कक्षेतल्या मुख्य यानात परतले, आणि ज्या यानातून वर आले ते रिकामं यान २० नोव्हेंबरला चंद्रावर पाडण्यात आलं, भूकंपमापकापासून सुमारे ७० किलोमीटरवर. कंपनं नोंदली जातील हे अपेक्षित होतं. पण ती थांबेनातच! जवळपास तासभर चालू राहिली. पृथ्वीवर एवढ्या धक्क्याची थरथर काही मिनिटांत विरून जाते. मग एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या रॉकेटचा तिसरा टप्पा, सुमारे १४ टनांचा, सेकंदाला अडीच किलोमीटरहून जास्त वेगाने पाडला. ती कंपनं तीन तासांहून जास्त चालली. (अपोलो १३ म्हटलं की सगळ्यांना ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोटच आठवतो. त्या मोहिमेचा हा एक प्रयोग मात्र व्यवस्थित पार पडला, हे फारसं कुणी सांगत नाही.)

चंद्र घंटेसारखा वाजला असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि त्यावरून चंद्र पोकळ आहे वगैरे कंड्या अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतात. कारण साधं होतं. चंद्राचा वरचा थर अब्जावधी वर्षं उल्का खाऊन तडकलेला आहे आणि पूर्ण कोरडा आहे. पृथ्वीवर खडकांमधलं पाणी कंपनांची ऊर्जा शोषून घेतं. तिथे शोषणारं कुणी नाही, म्हणून लहरी तडकलेल्या खडकांत इकडून तिकडे टप्पे खात राहतात.

इथे संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नैसर्गिक भूकंप झाला तर तो कुठे झाला, कधी झाला, किती मोठा होता, हे तिन्ही आपल्याला त्याच नोंदीवरून काढावं लागतं आणि त्याच नोंदीवरून चंद्राचं पोटही समजून घ्यावं लागतं. अज्ञात राशी जास्त, समीकरणं कमी. पाडलेल्या यानाची वेळ, जागा आणि ऊर्जा तिन्ही माहीत असतात. तुम्ही लॅबमध्ये उपकरण कॅलिब्रेट करायला माहीत असलेलं सॅम्पल लावता ना, अगदी तेच. म्हणून पुढच्या सगळ्या अपोलो मोहिमांत रॉकेटचा टप्पा चंद्रावरच पाडला गेला. अपोलो १६ च्या वेळी त्या टप्प्याशी संपर्क आधीच तुटला आणि तो नेमका कुठे पडला हे धड कळलं नाही. आघात झाला, नोंदही झाली, पण जागा माहीत नसल्याने त्या नोंदीची किंमत घसरली.

आता पाण्याकडे येऊ. अपोलोने आणलेले खडक ठणठणीत कोरडे होते. पण १९६१ मध्येच वॉटसन, मरे आणि ब्राऊन या तिघांनी एक कल्पना मांडून ठेवली होती. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला आहे, त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधी पोचत नाही. तिथे इतकी थंडी असणार की पाण्याचा एखादा रेणू भटकत तिथे पोचला तर अडकूनच बसेल. (नंतर मोजलं तेव्हा काही ठिकाणी उणे २३८ अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान मिळालं.) ही कल्पना तीस-बत्तीस वर्षं तशीच पडून होती, कारण तपासणार कशी? जिथे उजेड नाही तिथला फोटो कसा काढणार?

१९९४ मध्ये 'क्लेमेंटाइन' यानाने रेडिओ लहरी ध्रुवावर टाकल्या आणि पृथ्वीवर त्यांचे प्रतिध्वनी पकडले. बर्फासारखा सिग्नल मिळाला असं १९९६ मध्ये जाहीर झालं. लगेच पुढच्या वर्षी अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या गटाने दाखवलं की तसेच प्रतिध्वनी उन्हात तापणाऱ्या जागांवरूनही येतात. तिथे बर्फ टिकणं शक्यच नाही. म्हणजे नुसता खडबडीतपणाही तसा सिग्नल देऊ शकतो. कंट्रोल काय असतो हे विद्यार्थ्यांना समजावताना मी हे उदाहरण हमखास देतो.

जानेवारी १९९८ मध्ये लूनर प्रॉस्पेक्टर गेलं. लहानसं, स्वस्तातलं यान. कॅमेरा देखील नव्हता. पण त्यावर न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर होता. वैश्विक किरण चंद्राच्या मातीवर आदळले की अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन उडतात. मातीत लोह, सिलिकॉन, ऑक्सिजन असे जड अणू असतील तर न्यूट्रॉन त्यांच्यावर आपटून जवळपास त्याच वेगाने परततात. हायड्रोजन असेल तर गोष्ट बदलते. गोट्या खेळताना बघितलं असेल: सारख्या वजनाच्या गोटीवर नेम बरोबर बसला की मारणारी गोटी जागच्या जागी थांबते. हायड्रोजनचं केंद्र आणि न्यूट्रॉन यांचं वजन जवळपास सारखं. त्यामुळे हायड्रोजन असलेल्या मातीवरून मध्यम वेगाचे न्यूट्रॉन कमी येतात. दोन्ही ध्रुवांवर ते कमी आले.

मार्च १९९८ मध्ये जाहीर झालं की ध्रुवांवर १ कोटी ते ३० कोटी टन बर्फ असावा. काही महिन्यांतच सुधारित अंदाज अब्जावधी टनांवर गेला. मोजमाप त्याच उपकरणाचं, बदललं ते त्यावर लावलेलं मॉडेल. शिवाय मूळ अडचण कायमच होती. स्पेक्ट्रोमीटर हायड्रोजन मोजतो, पाणी नाही. सौरवाऱ्यातून येऊन मातीत रुतलेला हायड्रोजनही तसाच सिग्नल देईल. आणि एका वेळी काही दहा किलोमीटरचा पट्टा एकत्र मोजला जातो, त्यामुळे बर्फ सगळीकडे पसरलाय की एखाद्या कोपऱ्यात साठलाय हे कळत नाही.

इथे टेक्सास विद्यापीठातला डेव्हिड गोल्डस्टीन हा एरोस्पेस इंजिनियर येतो. त्याची सूचना अशी की यानाचं काम संपतच आलंय, तर ते अशा एखाद्या काळोख्या विवरात पाडूया. बर्फ असेल तर सुमारे १८ किलो वाफ उठू शकते. ती चंद्राच्या कडेबाहेर उन्हात आली की सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू फुटतील आणि ओएच तयार होईल. ओएचची ३०८ नॅनोमीटरच्या आसपासची खूण ओळखायला सोपी आहे. (माझं स्वतःचं काम प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोस्कोपीचं. गॅसच्या ज्योतीचा स्पेक्ट्रम घेतला की हीच खूण पहिल्यांदा डोळ्यात भरते. चंद्रावरचं पाणी शोधायला तीच वापरली हे वाचलं तेव्हा ओळखीचं माणूस परगावी भेटल्यासारखं वाटलं.)

यानावर आणखी एक गोष्ट होती. यूजीन शूमेकर या भूवैज्ञानिकाच्या अस्थींचा थोडासा अंश. ॲरिझोनातलं मोठं विवर ज्वालामुखीचं नसून आघाताचं आहे, हे पक्कं करणारा हा माणूस. आपल्या बुलढाण्यातल्या लोणारच्या सरोवरालाही कित्येक वर्षं ज्वालामुखीचं मुख म्हणत. बेसॉल्टमधलं आघाती विवर म्हणून त्याची खात्री पटली ती धक्क्याने बदललेल्या खनिजांचे तसेच पुरावे मिळाल्यावर. शूमेकरला चंद्रावर जायचं होतं, पण आजारपणामुळे त्याला अंतराळवीर होता आलं नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात तो गेला. त्याची एकेकाळची विद्यार्थिनी कॅरोलिन पोर्को हिने त्याच्या अस्थी यानावर पाठवायची कल्पना मांडली. हे सगळ्यांनाच रुचलं असं नाही. नॅव्हाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजाच्या प्रमुखांनी, चंद्र आमच्यासाठी पवित्र आहे, तिथे मृतांचे अवशेष ठेवणं आम्हाला दुखावणारं आहे, असं स्पष्ट सांगितलं. नासाने माफी मागितली आणि पुढे असं काही करताना आधी विचारू असं आश्वासन दिलं. यान पडलं त्या विवराला नंतर शूमेकरचंच नाव मिळालं.

तर मूळ मुद्दा. काहीच दिसलं नाही, मग निष्कर्ष काय?

या मंडळींनी आघाताच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं की पाणी दिसण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी आहे. ऑक्टोबरमध्ये निकाल सांगताना त्यांनी कारणांची यादीच दिली. नेम चुकला असेल. यान खडकावर किंवा कोरड्या जागी पडलं असेल. पाणी खनिजांमध्ये बांधलेलं असेल आणि ते सोडवायला ऊर्जा पुरली नसेल. लोट जिथे उठला तिथे दुर्बिणी बघत नसतील. वाफेची गणितंच चुकली असतील. किंवा खरंच पाणी नसेल.

विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा वाचताना मला ही यादी पळवाट वाटली होती. आता वाटत नाही, आणि का ते आकड्यांत सांगतो. हे आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा प्रयोगाआधी तुम्हाला बर्फ असण्याची शक्यता ५० टक्के वाटत होती. आणि बर्फ असला तरी या प्रयोगात तो दिसण्याची शक्यता २० टक्केच आहे. (५० टक्क्यांच्या २० टक्के म्हणजे एकूण १० टक्के, त्यांच्या अंदाजाच्या आसपास.) काहीच दिसलं नाही. बेझचं सूत्र लावा: बर्फ असण्याची शक्यता ५० वरून साधारण ४४ टक्क्यांवर येते. बस्स, एवढाच फरक. पण तुमच्या प्रयोगात बर्फ असता तर तो दिसण्याची शक्यता ९० टक्के असती, तर तोच 'काही नाही' हा निकाल ५० टक्क्यांना ९ वर आणून ठेवतो. दोन्हीकडे निकाल शब्दशः एकच आहे, "काहीच दिसलं नाही". त्याची किंमत ठरते प्रयोगाच्या संवेदनशीलतेवर, आणि ती संवेदनशीलता तुम्हाला आधी माहीत असावी लागते. नंतर काढलेली असेल तर कुणीही म्हणेल की निकाल बघून सोयीने ठरवली.

संवेदनशीलता कमी का होती? गोल्डस्टीनच्या गटाचा यात दोष नव्हता. यान ध्रुवीय कक्षेत, चंद्राला जवळजवळ घासून फिरत होतं, इंधन तळाला गेलेलं. अशा कक्षेतून सरळ खाली पडता येत नाही, तिरकंच पडावं लागतं. आघाताचा कोन जमिनीशी जेमतेम सहा अंशांचा होता. वेग सेकंदाला १७०० मीटर, पण जमिनीत घुसणारा लंबरूप घटक १९० मीटरच्या आसपास. एकूण गतिज ऊर्जा काढून बघा: २३ कोटी ज्यूल. जे हाताशी होतं त्यात हे जमण्यासारखं होतं.

मग हाताशी जास्त असलं असतं तर? तो योग दहा वर्षांनी आला. त्याआधी आपल्याकडची एक धडक. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून मून इम्पॅक्ट प्रोब सुटला आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकलटन विवराच्या परिसरात आदळला. त्याच्या बाजूंवर तिरंगा रंगवलेला होता, बातम्याही त्याच्याच झाल्या. पण शास्त्राच्या दृष्टीने मोलाची होती ती आदळण्याआधीची सुमारे २५ मिनिटं. उतरताना त्यावरचा 'चेस' नावाचा मास स्पेक्ट्रोमीटर चंद्राच्या विरळ वायुमंडलातले रेणू मोजत होता, आणि त्यात पाण्याच्या वस्तुमानाचा सिग्नल होता. हे मोजमाप नोव्हेंबर २००८ चं, शोधनिबंध २०१० चा. मधल्या काळात, सप्टेंबर २००९ मध्ये, त्याच चांद्रयानावरच्या नासाच्या एम-थ्री उपकरणाचे निकाल छापून आले आणि चंद्रावर पाणी म्हटलं की जग त्यांचंच नाव घेऊ लागलं. मोजणं आणि छापणं यांतल्या अंतराबद्दल मी आणखी काही बोलत नाही, जे समजायचं ते तुम्ही समजलात.

अर्थात अशा सिग्नलला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की पाणी यानानेच घरून आणलेलं नाही ना? पृथ्वीवरचा ओलावा यानाच्या पृष्ठभागाला चिकटून जातोच.

हाच प्रश्न एलक्रॉस मोहिमेत फार मोठा होता. एलआरओ या मोठ्या यानासाठी आधी ठरलं त्याहून ताकदवान रॉकेट निवडलं गेलं आणि सुमारे हजार किलोची जागा रिकामी राहिली. त्या जागेत काय पाठवता येईल? नासाच्या एम्स केंद्राची योजना निवडली गेली: रॉकेटचा रिकामा वरचा टप्पा, 'सेंटॉर', हाच मारायचा दगड, आणि त्याच्या मागून येणारं छोटं यान म्हणजे बघणारा डोळा. मर्यादा आठ कोटी डॉलरची. म्हणून बरीच उपकरणं थोडेफार बदल करून बाजारातलीच घेतली. पण सेंटॉरचं इंधन द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन! पाणी शोधायला पाण्याचाच कच्चा माल घेऊन निघालात म्हणा ना. त्यामुळे जून ते ऑक्टोबर २००९ या काळात सेंटॉरला उन्हात वाळवत ठेवलं, पापडासारखं, म्हणजे उरलासुरला ओलावा उडून जाईल.

मध्येच २२ ऑगस्टला, यानाशी संपर्क नसताना, दिशा सांगणाऱ्या उपकरणात बिघाड झाला. यान स्वतःला सावरत सुटलं आणि सुमारे १४० किलो इंधन फुंकून बसलं. तेव्हा शिल्लक असलेल्यापैकी निम्म्याहून जास्त. थोडा उशीर झाला असता तर मोहीम तिथेच संपली असती. सप्टेंबरच्या अखेरीस लक्ष्यही बदललं. न्यूट्रॉनच्या नव्या-जुन्या नकाशांवरून केबियस विवरात हायड्रोजन जास्त दिसत होता, म्हणून आधी जाहीर केलेली जागा सोडून तिकडे जायचं ठरलं.

९ ऑक्टोबर २००९, आपल्याकडे संध्याकाळचे पाच. सेंटॉर, सुमारे २३०० किलो, सेकंदाला अडीच किलोमीटर, आणि या वेळी जवळजवळ सरळ खाली. ऊर्जा ७०० कोटी ज्यूलच्या वर. लूनर प्रॉस्पेक्टरच्या तीसपट. लोकांना आधी सांगण्यात आलं होतं की लोट बागेतल्या दुर्बिणीतूनही दिसेल. जगभर थेट प्रक्षेपण चालू होतं. पडदा आधी करडा होता, नंतरही करडाच राहिला. लोक चिडले, थट्टा झाली. लूनर प्रॉस्पेक्टरच्या वेळी कमी सांगून ठेवल्यामुळे जी लाज राखली गेली होती, ती इथे जास्त सांगून घालवली, असं माझं मत.

पण मागच्या यानाला लोटामधून जाईपर्यंत सुमारे चार मिनिटं मिळाली होती, आणि त्याचे स्पेक्ट्रोमीटर सरळ लोटावर रोखलेले होते. १३ नोव्हेंबरला जाहीर झालं: पाणी आहे. एक वर्षाने आलेल्या निबंधांत आकडे होते. उपकरणाच्या दृष्टिक्षेत्रात १५५ किलोच्या आसपास पाण्याची वाफ आणि बर्फ, म्हणजे त्या मातीत वजनाने ५.६ टक्के पाणी, आणि त्रुटी २.९ टक्क्यांची. ती त्रुटी किती मोठी आहे ते बघा. अर्ध्याहून जास्त! तरीही निबंध पक्का, कारण ती लपवलेली नाही.

आणि न दिसलेला लोट? न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेतल्या ३.५ मीटर दुर्बिणीने त्या वेळी प्रतिमा घेतल्या होत्या. त्यांतही काही दिसलं नव्हतं. २०१३ मध्ये एका गटाने त्याच जुन्या प्रतिमांवर प्रिन्सिपल कॉम्पोनंट ॲनालिसिस लावलं, म्हणजे वातावरणाची थरथर, चंद्राच्या पृष्ठभागाचा उजेड असे सगळ्या फ्रेम्समध्ये सारखे असणारे भाग वजा केले. खाली लोट होता. चार वर्षं हार्ड डिस्कवर होता.

एलआरओवरच्या न्यूट्रॉन उपकरणाने २०१० मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या हायड्रोजन जास्त असलेल्या जागा दाखवल्या. त्यांत केबियस होतं. आणि त्याच यादीत शूमेकर विवरही होतं.